तीन वर्षे आणि सात वर्षे : लपवलेल्या शस्त्राचा इतिहास

(१)
१८७८ च्या भारतीय शस्त्र कायद्यात एक विलक्षण हिशेब आहे. कलम १९ नुसार विनापरवाना शस्त्र बाळगणाऱ्यास जास्तीत जास्त तीन वर्षांचा कारावास. मात्र तेच शस्त्र कोणाही सरकारी नोकरास कळू नये अशा बेताने बाळगले, किंवा झडतीच्या वेळी लपवले, तर कलम २० नुसार शिक्षा सात वर्षांपर्यंत. शस्त्र तेच, माणूसही तोच. वरची चार वर्षे फक्त लपवण्याची.

(२)
शस्त्रांचा इतिहास सांगताना पाते, मूठ, नळी, नेम यांचे वर्णन भरपूर होते. शस्त्र ज्यात ठेवले जाते त्या आवरणाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. म्यान, पोकळ काठी, दुहेरी तळाची पेटी, कमरेचे होल्स्टर : या चार वस्तूंच्या आधारे महाराष्ट्राचा, आणि विशेषतः मुंबईचा, एक वेगळा इतिहास वाचता येतो. शस्त्र उघडपणे कोणी मिरवावे आणि कोणाला ते दडवावे लागावे, हा त्या इतिहासाचा गाभा आहे.

(३)
आरंभ म्यानापासून. म्यान ही लपवण्याची वस्तू नव्हे. ती मिरवण्याची वस्तू. लाकडाच्या दोन पातळ फळ्या आतून पात्याच्या बाकाप्रमाणे कोरायच्या, एकमेकींना चिकटवायच्या, त्यांवर चामडे किंवा मखमल ताणून चढवायची, तोंडाशी आणि टोकाशी धातूचे जडकाम करायचे. पाते गंजू नये, धार बोथट होऊ नये, स्वाराला इजा होऊ नये, आणि तरीही क्षणात उपसता यावे, एवढ्या अपेक्षा त्या एका आवरणाकडून असत. म्यानावरचे जडकाम पाहून धन्याची पायरी ओळखता येई.

(४)
महाराष्ट्रात चामड्याच्या अशा कामाशी जोडलेला समाज म्हणजे जीनगर. फारसीत ‘झीन’ म्हणजे खोगीर. ते बनवणारा तो जीनगर. १८१८ मध्ये पेशवाई संपली, घोडदळे विसर्जित झाली आणि खोगिरांची मागणी आटली. १८८५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जीनगरांचे जे व्यवसाय नोंदवले आहेत ते वाचण्यासारखे आहेत : धातूचे ओतकाम, दगडावरील कोरीवकाम, चित्रे रंगवणे, माती आणि कापडाच्या मूर्ती घडवणे, पेट्या, कुलपे आणि घड्याळे दुरुस्त करणे. सैन्य गेले तरी हातातली कला गेली नाही. तिने नवी गिऱ्हाइके शोधली.

(५)
उघड्या शस्त्राच्या त्या काळातही लपवलेले शस्त्र होतेच. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १० नोव्हेंबर १६५९ चे, प्रतापगडाच्या पायथ्याचे. शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते. बिचवा आणि वाघनखांचा उल्लेख सभासद बखरीत येतो. वाघनखांची रचनाच लपवण्यासाठी आहे. कड्या बोटांत, नख्या तळहाताच्या आत. मूठ मिटली की बाहेरून दिसते ती केवळ अंगठी. या शस्त्राला वेगळे म्यान लागत नाही. हाताची मूठ हेच त्याचे म्यान.

(६)
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आणली गेली, तेव्हा मोठा उत्साह दिसून आला. ती वाघनखे जेम्स ग्रँट डफ याच्याकडे होती, एवढे त्या संग्रहालयाच्या नोंदीवरून कळते. प्रतापगडावर वापरली गेली ती हीच, याची खातरी खुद्द ते संग्रहालयही देत नाही. वस्तूबद्दलचा आदर आणि वस्तूबद्दलचा पुरावा या दोन गोष्टी इतिहासाच्या विद्यार्थ्याने वेगळ्या ठेवाव्यात.

(७)
दुसरे आवरण काठीचे. मराठीतले ‘गुप्ती’ हे नावच बोलके आहे. बाहेरून हातातली साधी काठी, आत सरळ पाते. सज्जनगडावर समर्थ रामदासांची म्हणून जतन केलेल्या कुबडीतही गुप्ती असल्याचे परंपरा सांगते. जंगलातून, घाटातून एकट्याने चालणाऱ्या माणसाला काठी लागतेच. आणि बैरागी, फकीर किंवा वाटसरू यांच्या हातातली काठी पाहून कोणी सावध होत नाही. गुप्तीची खरी ताकद पात्यात नसून त्या विश्वासात आहे.

(८)
ही वस्तू केवळ आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेतील केंटकी राज्याने १८१३ मध्ये शस्त्र लपवून बाळगण्यावर बंदी घातली. तिच्या यादीत खिशातले पिस्तूल होते, खंजीर होता आणि काठीत दडवलेली तलवारही होती. १८२२ मध्ये ब्लिस नावाच्या इसमाचा खटला तेथील वरिष्ठ न्यायालयात गेला आणि न्यायालयाने तो कायदा राज्यघटनेविरुद्ध ठरवला. त्या खटल्यातले शस्त्र कोणते होते? गुप्ती! अमेरिकेतील लपवलेल्या शस्त्रांविषयीच्या दोनशे वर्षांच्या वादाच्या अगदी आरंभी ही पोकळ काठी उभी आहे.

(९)
आता १८७८ कडे. १८५७ च्या उठावानंतर शस्त्रांवरचे निर्बंध कडक होत गेलेच होते. व्हाइसरॉय लिटन याच्या काळात १८७८ चा अकरावा कायदा आला आणि त्यांना देशव्यापी रूप मिळाले. ‘शस्त्र’ या शब्दात बंदुकांबरोबर संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती आणि धनुष्यबाणही आले. परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरणे हा गुन्हा ठरला. युरोपीयांना मात्र परवान्याच्या अटीतून सूट होती. म्हणजे मुंबईच्या किल्ला भागात गोऱ्या व्यापाऱ्याच्या खिशातले पिस्तूल ही खासगी बाब, आणि गिरगावातल्या माणसाच्या घरातली आजोबांची तलवार ही सरकारी बाब.

(१०)
हा भेद लोकांना झोंबला. १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले, गिरगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर. दोनच वर्षांनी, १८८७ च्या मद्रास अधिवेशनात, शस्त्र कायद्यात बदल करण्याची मागणी करणारा ठराव संमत झाला. ठराव मांडणारे लोक बंडखोर नव्हते. वकील, संपादक, जमीनदार अशी ती मंडळी. प्रजा राजनिष्ठ आहे तर तिच्यावर अविश्वास का, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता. शस्त्राहून अधिक त्यांना तो अविश्वास बोचत होता.

(११)
कायद्याच्या व्याख्येत एक गोष्ट मात्र आली नव्हती : साधी काठी. लाठी-काठीचे शिक्षण तालमींत आणि व्यायामशाळांत उघडपणे चालू राहिले. दादरच्या शिवाजी पार्कावरील श्री समर्थ व्यायाम मंदिराची स्थापना १९२५ ची. तलवारीला परवाना लागतो आणि काठीला लागत नाही, अशा देशात काठी हेच सामान्य माणसाचे उघडे शस्त्र बनते. त्याच काठीच्या पोटात पाते घातले की ती गुप्ती होते, आणि तीन वर्षांची सात वर्षे होतात.

(१२)
तिसरे आवरण पेटीचे. विसाव्या शतकाच्या आरंभी पिस्तुलाचे रूप बदलले. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या मध्यभागी काडतुसांचे गोल चक्र असे. कपड्याखाली त्याचा फुगवटा लगेच दिसे. अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग याने आखलेली आणि १९०० पासून बेल्जियमच्या एफएन कारखान्यात तयार होऊ लागलेली पिस्तुले चपटी होती. काडतुसे मुठीतच बसत. कोटाच्या खिशात मावणारे हे यंत्र युरोपभर सहज विकले जाई. लंडनमध्ये जे दुकानात मिळत होते, ते मुंबईत आणायचे तर लपवूनच आणावे लागे.

(१३)
१९०९ च्या मार्चमध्ये चतुर्भुज अमीन लंडनहून मुंबईला परतला. तो लंडनच्या ‘इंडिया हाऊस’मध्ये स्वयंपाकी होता. त्याच्या सामानातील एका पेटीला दुहेरी तळ होता आणि त्या तळाखाली वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे होती. पाठवणारे विनायक दामोदर सावरकर. त्यांचे ज्येष्ठ बंधू बाबाराव सावरकर त्याआधी काही दिवसच पकडले गेले होते. जून महिन्यात त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पेटी बंदरावरून सुखरूप बाहेर पडली.

(१४)
त्या पिस्तुलांपैकी काही पुढे नाशिकच्या तरुणांच्या हाती गेली. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याच्या निरोपासाठी किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदा’चा प्रयोग होता. प्रेक्षकांत अनंत कान्हेरे कपड्यांत पिस्तूल दडवून बसला होता. जॅक्सन आत येताच त्याने गोळ्या झाडल्या. कान्हेरेने तेव्हा विशीही गाठली नव्हती. त्याला, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

(१५)
ज्याला मारले तो जॅक्सन संस्कृतचा व्यासंगी होता. त्याने जमवलेल्या लोककथा आणि लोकसमजुतींच्या टिपणांचे पुढे एंथोवेन याने संपादन केले आणि ती टिपणे आजही अभ्यासक चाळतात. तोच जॅक्सन बाबारावांचा खटला सत्र न्यायालयाकडे पाठवणारा अधिकारीही होता. एका माणसाची ही दोन्ही रूपे खरी आहेत. निःशस्त्र केलेल्या समाजातील तरुणांना चार गोळ्यांत न्याय दिसला. गोळ्या लागलेल्या माणसाच्या टेबलावर त्याच समाजाच्या कथांचे कागद होते. यांतले एकच रूप सांगणारा इतिहास अपुरा राहतो.

(१६)
खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. सर बेसिल स्कॉट, सर नारायण चंदावरकर आणि न्यायमूर्ती हीटन यांच्या विशेष न्यायासनापुढे अडतीस आरोपी उभे होते. डिसेंबर १९१० मध्ये सावरकरांना पहिली जन्मठेप झाली; दुसरी ३० जानेवारी १९११ रोजी, जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याच्या आरोपावरून. त्या आरोपाचा कणा म्हणजे ती दुहेरी तळाची पेटी. तिचे रहस्य जकात अधिकाऱ्यांना उलगडले नव्हते. ते सांगितले चतुर्भुज अमीनने, माफीचा साक्षीदार होऊन. लाकडाचा तळ टिकला. माणसाचा टिकला नाही. गुप्त शस्त्रांच्या इतिहासात हे वारंवार घडते.

(१७)
एकवीस वर्षांनी आवरण पुन्हा बदलले. ऑक्टोबर १९३० मध्ये, भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशीची शिक्षा सुनावली गेल्यानंतर लगेच, लॅमिंग्टन रोडवर एका मोटारीतून गोळीबार झाला. आज त्या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. सार्जंट टेलर आणि त्याची पत्नी जखमी झाली. मोटारीत दुर्गादेवी वोहरा, म्हणजे क्रांतिकारकांच्या ‘दुर्गाभाभी’, आणि पृथ्वीसिंग आझाद होते. स्त्रीच्या हातात पिस्तूल असेल ही कल्पनाच तेव्हाच्या पोलिसांना परकी होती. पोकळ काठीला जो विश्वास ढाल म्हणून उपयोगी पडे, तोच येथे एका स्त्रीच्या उपस्थितीने दिला.

(१८)
युरोपीयांची वांशिक सूट १९२० च्या सुमारास नियम बदलून काढली गेली. तरी परवाना देणारा हात परकाच राहिला. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावाला ऑगस्टमध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या मुंबईतील बैठकीत अंतिम रूप मिळाले. त्यात एक कलम असे होते की नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला राहील. अहिंसेच्या चळवळीने शस्त्राचा हक्क मागावा, ही विसंगती वाटते. १८७८ चा कायदा ध्यानात घेतला की ती उरत नाही. मागणी समान विश्वासाची होती.

(१९)
डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी कराचीच्या ठरावाची आठवण देत हाच हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. उत्तर दिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभारणाऱ्या नेत्याने. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा : ब्रिटिश काळात ती मागणी योग्य होती, कारण तेव्हा शस्त्रे नाकारताना पक्षपात होत असे, आता परिस्थिती पालटली आहे, आणि कोणीही बाजारात जाऊन हवे ते शस्त्र निर्बंधाविना विकत घेऊ लागला तर राज्य चालवता येणार नाही. दुरुस्ती फेटाळली गेली.

(२०)
या उत्तरामागे एक सामाजिक वास्तव दिसते. शस्त्र मिरवण्याचा मान या देशात कधीच सर्वांना सारखा मिळाला नव्हता; परवान्याच्या आधी जात आणि पायरी हाच परवाना होता. आंबेडकरांचे वडील लष्करात सुभेदार होते. पुढे १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती ब्रिटिशांनी बंद केली आणि ती दारे एका पिढीपुरती तरी मिटली. ज्याच्या हाती आधीच बळ आहे त्याच्याच हाती बाजारातले शस्त्रही प्रथम जाते. दुर्बलाचे रक्षण कायद्याने होणार की कमरेच्या शस्त्राने, या प्रश्नाला संविधान सभेने कायदा हे उत्तर निवडले.

(२१)
१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. बंदूक-पिस्तुलास परवाना सर्वत्र आवश्यक. धारदार शस्त्रांस मात्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदेशातच. नियमांच्या यादीत तलवारीबरोबर तलवार दडवलेली काठी, म्हणजे आपली गुप्ती, नावानिशी आली. मुंबईत याशिवाय १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि तेवढ्या काळापुरती काठीसुद्धा त्यांच्या कक्षेत येते. १८७८ चा तो जुना हिशेबही पुसला गेला नाही : नव्या कायद्याच्या कलम २६ मध्ये सरकारी नोकरापासून लपवून केलेल्या उल्लंघनासाठी सात वर्षांपर्यंतची शिक्षा कायम राहिली.

(२२)
चौथे आवरण होल्स्टरचे, आणि त्यासाठी पुन्हा अमेरिकेत डोकावणे भाग आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे कमरेला उघडे पिस्तूल ही सभ्यता आणि दडवलेले पिस्तूल हा भेकडपणा मानला जाई. १९८७ मध्ये फ्लोरिडाने अटी पूर्ण करणाऱ्या कोणासही लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना देण्याचा कायदा केला आणि अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. त्यातून एक अनपेक्षित छंद फोफावला : घरच्या टेबलावर स्वतःचे होल्स्टर बनवणे. ओले चामडे साच्यावर बसवून वाळवायचे आणि कडा मेणाच्या दोऱ्याने शिवायच्या. किंवा विमानांच्या अंतर्भागासाठी निघालेले कायडेक्स नावाचे प्लॅस्टिक तापवून आकारात दाबायचे.

(२३)
त्या छांदिष्टांच्या अपेक्षा जुन्या म्यानकारास ओळखीच्या वाटल्या असत्या. शस्त्र आपोआप निसटू नये, घोडा पूर्ण झाकलेला राहावा, घामाने धातू गंजू नये, अंगाला टोचू नये, आणि सदऱ्याखाली रेघही दिसू नये. शेवटची अट सोडली तर बाकी सर्व अटी जीनगरही जाणत होता. मुंबईत चामड्याचे कसब आजही आहे. धारावीत पट्टे, पाकिटे आणि पिशव्या शिवणारे हात तेच बारीक टाके घालतात. होल्स्टर शिवण्याचा छंद येथे रुजला नाही याचे कारण कसबाच्या अभावात सापडत नाही. येथे तो परवाना मिळणेच दुर्मीळ. शिवाय एका माणसाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्याही २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून दोनवर आली.

(२४)
आता या इतिहासातील सर्वांत रोचक वळण. भारताच्या २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे असेल तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशा आवरणात असले पाहिजे, आणि ते पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे. शस्त्र हवेत नाचवणे निषिद्ध. म्हणजे ज्या लपवण्यासाठी १८७८ मध्ये चार वर्षे जादा होती, ती झाकण्याची क्रिया आता परवानाधारकाचे कर्तव्य ठरली आहे.

(२५)
ही विसंगती वरवरची आहे. कायदा दोन वेगवेगळ्या नजरांविषयी बोलतो. एक नजर गर्दीची : लालबागच्या मिरवणुकीत, दादरच्या पुलावर, परळच्या बाजारात कोणाच्या कमरेचे पिस्तूल पाहून दहा माणसांनी दचकू नये, म्हणून शस्त्र झाकलेले हवे. दुसरी नजर नोंदवहीची : ते शस्त्र कोणाचे, कोणत्या क्रमांकाचे, कोणत्या परवान्यावरचे, हे राज्याला ठाऊक हवे. गर्दीपासून झाकणे ही सभ्यता. नोंदवहीपासून लपवणे हा गुन्हा.

(२६)
१८७८ चा कायदा अन्यायी होता, कारण त्याच्या नोंदवहीत एका वंशाचे नाव लिहावेच लागत नसे. दुहेरी तळाची पेटी त्या अन्यायाच्या सावलीत घडली. आज नोंदवही सर्वांना सारखी आहे, असे निदान कायद्याची अक्षरे सांगतात. ती व्यवहारात किती सारखी राहते, परवाना कोणाला मिळतो, कोणाला नाकारला जातो आणि कोणाच्या शस्त्राकडे डोळेझाक होते, हे तपासत राहणे नागरिकांचे काम आहे. संग्रहालयात पुढच्या वेळी तलवार पाहताना नजर शेजारच्या म्यानाकडेही जावी. त्या तलवारीच्या धन्याला ती उघडपणे मिरवण्याची मुभा होती का, याचे उत्तर पात्याआधी म्यान देते.